धर्म सुधारला, दशमांश राहिला

गेल्या काही बैठकांत एक सूर वारंवार कानावर येतो आहे. भावाचा प्रश्न थोडा बाजूला राहू द्या, आधी धर्माचे काम होऊ द्या, समाज शुद्ध होऊ द्या, मग शेतकऱ्याचे भले आपोआप होईल. असे सांगणारे विद्वान हमखास दाखला देतात तो युरोपचा. तिकडे म्हणे धर्मसुधारणा झाली, पोपची मक्तेदारी मोडली, माणूस मोकळा झाला आणि त्याबरोबर तिथला शेतकरीही वर आला.

दाखला ऐकायला गोड आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. उरलेला अर्धा भाग शेतकऱ्याच्या रक्ताने लिहिलेला आहे, आणि २०२५ साली त्याला ५०० वर्षे पूर्ण झाली. कृषी महाविद्यालयात आम्हाला युरोपातली तीन शेतांची फेरपालट शिकवली. एका शेतात हिवाळी पीक, दुसऱ्यात उन्हाळी, तिसरे पड. त्या शेतात राबणाऱ्याच्या खळ्यावर रास मोजायला कोण उभा असे, ते मात्र कोणी शिकवले नाही. म्हणून हा लेख.

दशमांशाचा हिशेब

युरोपात चर्चचा कर होता दशमांश. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला. शार्लमेन राजाने ७७९ साली तो सक्तीचा केला. धान्यावर मोठा दशमांश, भाजीपाला, फळे आणि लहान जनावरांवर छोटा दशमांश. शहरातला माणूस म्हणेल, दहातला एकच ना? त्यात एवढे काय?

हिशेब करून पाहू. त्या काळी एक पोते पेरले की साधारण चार पोती निघत. दहा पोती पेरली, चाळीस आली. दशमांश गेला चार पोती. पुढच्या पेरणीचे बी ठेवले दहा. उरली सव्वीस. दशमांश धरला जातो एकूण राशीवर, बी वजा करून नव्हे. बी काढल्यावर खरे उत्पन्न तीसच पोती, आणि त्यातली चार गेली. म्हणजे दहा टक्के नव्हे, तेरा टक्क्यांच्या वर.

आता वर्ष वाईट गेले, एकाला तीनच आली असे धरा. रास तीस, दशमांश तीन, बी दहा. घरात उरली सतरा पोती. पीक घटले पावभाग, चर्चचा हिस्सा घटला पावभाग, पण शेतकऱ्याच्या घरातले धान्य घटले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दुष्काळाचा भार कोणी उचलायचा हे या पद्धतीतच ठरून गेलेले होते. यावर सरदाराचा खंड वेगळा आणि वेठ वेगळी. कुळ मेले तर घरातले उत्तम जनावर नाहीतर उत्तम कपडा 'मृत्युकर' म्हणून धन्याच्या घरी जाई. नवरा गेला त्या दिवशी बाईच्या गोठ्यातली गायही गेली.

म. फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा १८८३ सालचा ग्रंथ. जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या मिषाने शेतकऱ्याला कसे नाडले जाते, याची जंत्री त्याच्या पहिल्याच प्रकरणात आहे. ती ज्यांनी वाचली आहे त्यांना युरोपातली ही जंत्री परकी वाटणार नाही.

पहिली सुधारणा : मठांची

चर्च सुधारले पाहिजे ही ओरड ल्यूथरच्या सहाशे वर्षे आधीची. ९१० साली फ्रान्समध्ये क्लूनीचा मठ निघाला आणि तिथून शुद्धीकरणाची लाट उठली. धर्मपदे विकू नयेत, पाद्र्यांनी लग्न करू नये, बिशप नेमण्याचा अधिकार राजाचा नसावा, अशा त्या चळवळीच्या मागण्या. पोप सातवा ग्रेगरी याने सम्राट चौथ्या हेन्रीला धर्माबाहेर काढले आणि १०७७ च्या जानेवारीत कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस उभे केले. हा वाद पुरते ४५ वर्षे आणखी चालून ११२२ साली वर्म्सच्या करारात मिटला.

या सुधारणेत शेतकऱ्याला काय मिळाले? पुष्कळ गावांचा दशमांश सरदारांनी गिळंकृत केला होता. ग्रेगरीच्या धर्मसभांनी ठणकावून सांगितले, दशमांश चर्चला परत करा. काही सरदारांनी तो मठांना परत केलाही. शेतकऱ्याला कोणी परत केला नाही. सुधारकांचे भांडण एवढ्यापुरतेच होते, की पोते कोणाच्या पेवात पडावे.

आणि याच सुधारकांच्या परंपरेतून धर्मयुद्ध निघाले. १०९५ साली क्लेरमाँच्या सभेत पहिल्या क्रुसेडची हाक देणारा पोप दुसरा अर्बन हा क्लूनीच्याच मठात तयार झालेला. सरदारांची फौज निघण्याआधीच १०९६ साली गोरगरीब शेतकरी बायकापोरांसह पीटर नावाच्या संन्याशामागे चालू लागले. याच लाटेतल्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ शहरांतल्या ज्यूंची कत्तल केली. पीटरच्या मागे गेलेल्या गरिबांचा त्याच वर्षी तुर्की फौजेने अनातोलियात फडशा पाडला. जेरुसलेम त्यांनी पाहिलेही नाही. घरच्या दशमांशाचा राग परक्याच्या अंगावर सोडायचा, हे तंत्र तेव्हापासूनचे आहे.

बोहेमियातले झोडणीचे दांडके

दुसरा दाखला आजच्या चेक देशातला, म्हणजे बोहेमियाचा. यान हुस हा प्राग विद्यापीठाचा पंडित, पण प्रवचन करायचा लोकांच्या चेक भाषेत. पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकण्याला त्याने विरोध केला. सम्राट होऊ घातलेल्या सिगिसमुंडने अभयपत्र देऊन त्याला कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत बोलावले, आणि ६ जुलै १४१५ रोजी तिथेच त्याला जिवंत जाळले. अभयपत्राची किंमत काय असते ते त्या दिवशी कळले.

बोहेमिया पेटला. १४२० साली टेकडीवर ताबोर नावाची वसाहत उभी राहिली. शेतकरी घरदार विकून आले आणि पैसा सामायिक पेटीत टाकू लागले. आता खंड नाही, वेठ नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. यान झिझ्का या सेनापतीने त्यांच्याच अवजारांची शस्त्रे केली. धान्य झोडायच्या दांडक्याला लोखंडी खिळे ठोकले. शेतातल्या गाड्या साखळीने बांधून फिरता किल्ला केला. पोपने आणि सम्राटाने १४२० ते १४३१ या काळात पाच वेळा त्यांच्यावर धर्मयुद्ध पुकारले, आणि पाचही वेळा चिलखती सरदार या दांडक्यांपुढून पळाले.

शेतकऱ्याची ताकद किती, याचा याहून मोठा पुरावा नको. पण हिशेब पुढे आहे. त्याच १४२० सालच्या शरदात, सुगी आटोपल्यावर, ताबोरच्या पुढाऱ्यांनी आसपासच्या गावांतून खंड वसूल करायला सुरुवात केली. फौज पोसायची होती ना! मग ३० मे १४३४ रोजी लिपानीच्या लढाईत हुसच्याच मवाळ अनुयायांनी कॅथलिक सरदारांशी हातमिळवणी करून ताबोरची फौज कापून काढली. १४३६ साली समझोता झाला. सामान्य माणसाला प्रार्थनेच्या वेळी भाकरीबरोबर द्राक्षारसाचा पेलाही मिळू लागला. चर्चच्या बळकावलेल्या जमिनी सरदारांकडेच राहिल्या. आणि शतक संपता संपता त्याच बोहेमियाच्या सरदारसभेने कुळाला जमिनीशी जखडणारे, पळालेल्याला धरून आणणारे कायदे केले. पेला मिळाला, पाय बांधले गेले.

मेमिंगेनच्या बारा मागण्या

आता खुद्द ल्यूथरकडे येऊ. १५१७ साली त्याने पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांविरुद्ध आवाज उठवला. त्या चिठ्ठ्यांमागे व्यवहार होता. माइन्झच्या आर्चबिशपने आपले पद मिळवायला आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्ज काढले होते, आणि चिठ्ठ्यांच्या विक्रीतला निम्मा पैसा ते फेडण्याकडे जात होता. फुगर हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१५२० साली ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली. १५२२ साली बायबलचा नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला. हे काम मोठे होते, ते नाकारायचे कारण नाही. शेतकऱ्याने ते ऐकले आणि विचारले, बायबलात स्वातंत्र्य आहे, तर मी कोणाचा गुलाम का?

१५२४ च्या उन्हाळ्यात स्ट्युलिंगेनच्या मुलखात ठिणगी पडली. ऐन सुगीत तिथल्या सरदारणीने सूत गुंडाळायला गोगलगायींचे शंख गोळा करायला कुळांना पाठवले, अशी कथा सांगतात. काढणीला आलेले पीक उभे सोडून शंख वेचायला जायचे! वर्षभरात आग दक्षिण आणि मध्य जर्मनीभर पसरली. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन गावी शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जमले आणि बारा मागण्यांचे पत्रक निघाले. ते लिहिणारा सेबास्टियन लोत्झर हा कातडी कपडे शिवणारा कारागीर, आणि सोबत क्रिस्टोफ शापेलर हा धर्मोपदेशक. दोन महिन्यांत त्याच्या सुमारे पंचवीस हजार प्रती निघाल्या असा अंदाज आहे.

काय होत्या मागण्या? आमचा पाद्री आम्ही निवडू. धान्याचा दशमांश देऊ, पण तो गावातल्या पाद्र्याला आणि गरिबांना. छोटा दशमांश बंद. गुलामी बंद. शिकार, मासे आणि सरपण यांवर गावाचा हक्क. वेठ कमी करा, ठरल्याहून जास्त काम हवे तर रास्त मोल द्या. खंड असा ठरवा की कुळाचे कष्ट फुकट जाऊ नयेत. मनमानी दंड नको. गावाची गायराने परत द्या. विधवा आणि पोरक्यांना लुबाडणारा मृत्युकर बंद करा.

डाव्या पंडितांनी या लढ्याचा वेगळाच अर्थ लावला. एंगल्सने १८५० साली यावर पुस्तक लिहिले आणि थॉमस म्युन्त्झर या धर्मोपदेशकात उद्याच्या क्रांतीची चाहूल पाहिली. शेतकरी गावागावांच्या कुंपणात अडकले हे त्याचे निदान खरे आहे. पण बारा मागण्या पुन्हा वाचा. सगळी मालमत्ता सामायिक करा, असे त्यांत कुठे आहे? शेतकरी मागत होता कामाचे मोल, कष्टाचा मोबदला आणि धन्याच्या लहरीपासून सुटका. पंडितांनी त्याच्या तोंडी आपले शब्द घातले. एकाने देव घातला, दुसऱ्याने क्रांती.

काटा दुसऱ्याच्या हातात दिला

बारावी मागणी मुद्दाम वेगळी काढली आहे. शेतकऱ्यांनी लिहिले, यातली एखादी मागणी बायबलाविरुद्ध आहे असे कोणी दाखवून दिले, तर ती आम्ही मागे घेऊ. आणि निवाडा करायला मान्य असलेल्या विद्वानांची यादी त्यांच्या संघाने केली, त्यात ल्यूथरचे नाव होते.

असे का केले, तेही समजून घेतले पाहिजे. जुन्या रूढीच्या आधारे भांडायचे तर प्रत्येक गावाची रूढी वेगळी, म्हणून प्रत्येक गाव एकटे. देवाचा कायदा म्हटले की सगळी गावे एका दोरीत. धर्माने त्यांना एकी दिली हे मान्य केले पाहिजे. पण त्याच धर्माने निवाड्याची खुर्ची दुसऱ्याला दिली. माल आपला, घाम आपला, आणि मापाचा काटा पंडिताच्या हातात.

पंडिताने काय तोलले? एप्रिल १५२५ मध्ये ल्यूथरने उत्तर लिहिले. या बंडाला सरदारांचा जुलूम कारण आहे, असे त्याने आधी सरदारांना सुनावले. मग शेतकऱ्यांकडे वळला. दशमांश आपल्या मर्जीने वाटणे म्हणजे चोरी. गुलामी तर अब्राहामाच्या काळीही होती. ख्रिस्ताचे स्वातंत्र्य आत्म्याचे, देहाचे नव्हे. मे महिन्यात त्याने दुसरी पुस्तिका काढली. तिच्या नावातच शेतकऱ्यांना खुनी आणि लुटारू टोळ्या म्हटले आहे. पिसाळलेल्या कुत्र्याला मारावे तसे यांना मारा, असे त्याने राजांना सांगितले. ज्याच्या शब्दावर विसंबून शेतकरी उठला, त्यानेच त्याच्या कत्तलीवर धर्माचा शिक्का मारला.

सासरा आणि जावई

शेतकऱ्यांच्याही चुका झाल्या, त्या झाकून चालणार नाही. १६ एप्रिल १५२५ रोजी वाइन्सबर्गला शरण आलेल्या सरदाराला आणि त्याच्या माणसांना भाल्यांच्या रांगेतून पळवून मारले. त्या एका दिवसाने सहानुभूती असलेली कित्येक शहरे दूर गेली. दुसऱ्याच दिवशी वाइनगार्टनला दुसरी चूक झाली. सरदारांच्या श्वाबियन संघाचा सेनापती ट्रुखसेस याच्यासमोर सरोवराकाठच्या शेतकऱ्यांची हजारोंची मोठी फौज उभी होती. लढायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने बोलणी लावली, लवादाचे आश्वासन दिले, आणि शेतकरी घरी गेले. मोकळा झालेला ट्रुखसेस उत्तरेकडच्या शेतकऱ्यांवर चालून गेला आणि १२ मे रोजी बोब्लिंगेनला त्यांचा चुराडा केला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत इटलीतली पाव्हियाची लढाई संपली होती आणि भाडोत्री सैनिक परत येत होते. तोवरची सगळी बोलणी म्हणजे वेळकाढूपणा. आणि या फौजेला पैसा पुरवणारा कोण? तोच फुगर सावकार.

१५ मे १५२५ रोजी फ्रँकनहाउझेनला म्युन्त्झरबरोबरच्या शेतकऱ्यांना दोन राजांच्या फौजांनी घेरले. एक हेसेचा फिलिप, ल्यूथरच्या पंथाचा. दुसरा सॅक्सनीचा ड्यूक गेओर्ग, कट्टर कॅथलिक, ल्यूथरचा हाडवैरी. नात्याने हे सासरा-जावई. धर्मावरून दोघांचे पटत नव्हते. शेतकरी कापायचा म्हटल्यावर दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पाच-सहा हजार शेतकरी मेले, राजांचे मेले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २७ मे रोजी म्युन्त्झरचे मुंडके उडवले. त्या वर्षात एकंदर सत्तर हजार ते एक लाख शेतकरी मारले गेले असा अंदाज आहे.

पुढे काय झाले

१५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने ठरवले, जो राजाचा धर्म तोच रयतेचा. म्हणजे पाद्री निवडण्याची पहिलीच मागणी कायमची गाडली गेली. ल्यूथरपंथी मुलखांत मठांच्या जमिनी राजांकडे आल्या. हेसेच्या फिलिपने त्यांतून मारबुर्गचे विद्यापीठ आणि रुग्णालये काढली, हेही खरे. पण त्या जमिनीचा खंड आणि वेठ माफ झाली नाही. खळ्यावर मठाचा कारकून उभा असे, तिथे राजाचा कारकून उभा राहिला.

मग १६१८ ते १६४८ हे तीस वर्षांचे युद्ध. दोन्ही पक्षांच्या फौजा गावांवरच्या वसुलीवर जगल्या. सैनिक कोणत्या पंथाचा, हे पाहून कोणी पेव उकरले नाही. जर्मनीच्या काही मुलखांत निम्म्याहून अधिक माणसे तलवार, भूक आणि रोगराईने संपली.

दशमांश संपला कधी? फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत. जर्मन मुलखांत १९ व्या शतकात, तोही शेतकऱ्याकडून भरपाई मोजून घेऊन. ल्यूथरनंतर तीनशे वर्षांनी.

आपण काय घ्यायचे

कोणाच्या श्रद्धेविरुद्ध हा लेख नाही. घरात देव असो, वारी असो, उपास असो, ज्याचा त्याचा प्रश्न. प्रश्न आहे तो संघटनेच्या बिल्ल्याचा आणि काट्याचा. मेमिंगेनच्या भावांनी रक्त देऊन लिहून ठेवलेले चार धडे असे :

१. आपल्या मागणीचा काटा दुसऱ्याच्या हातात देऊ नका. उत्पादनखर्च आपला आपण मांडावा. तो बरोबर की चूक, हे ठरवायला ना महाराज हवा, ना पंडित.

२. कोणत्याही जिल्ह्याने वेगळा तह करू नये. आज तुमच्याशी बोलणारा उद्या शेजारच्या जिल्ह्यावर चालून जातो, आणि परवा तुमच्यावर.

३. बोलणीला तारीख लावा. बिनतारखेची चर्चा म्हणजे समोरच्याची फौज परत येईपर्यंतचा वेळ.

४. हात उगारू नका. एक वाइन्सबर्ग शंभर रास्त मागण्या खाऊन टाकते.

आणि आशेची एक गोष्टही सांगायला हवी. केम्प्टेनच्या मठाने मोकळ्या शेतकऱ्यांना गुलाम केले होते. तिथल्या गावांनी घराघरांतले गाऱ्हाणे नावानिशी नोंदवून ठेवले होते. लढाईत हरल्यावरही त्यांनी तो कागद सोडला नाही, आणि १५२६ च्या मेमिंगेन करारात मठाला काही सवलती द्याव्या लागल्या. तलवारीने हरलेले हिशेबाच्या जोरावर थोडे तरी परत मिळवू शकले.

येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. एकरी बियाणे किती, खत किती, मजुरी किती, घरच्या माणसांचे राबणे किती, हाती आले किती. सही गावाची, भाषा आपली. आणि कोणी उठून म्हणालेच, की हे राहू द्या, आधी धर्माचे काम करू, तर त्याला एकच प्रश्न विचारा : काम झाल्यावर खळ्यावर कोण उभा राहणार?